वस्तू जावी, माणूस यावा

वसई-विरारच्या व्यापारी घरांतून परदेशी जाणे आता नवलाईचे राहिलेले नाही. कोणाचा मुलगा मँचेस्टरला शिकतो, कोणाची सून मेलबर्नला नोकरी करते, कोणी हिऱ्यांच्या व्यवहारासाठी अँटवर्पची वाट धरतो, तर कोणी दागिन्यांच्या प्रदर्शनासाठी हाँगकाँग गाठतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी-आजोबांसह सारे कुटुंब युरोपच्या सहलीला निघते. बॅगेत खाखऱ्यांची पाकिटे भरली जातात, देवदर्शन होते आणि निरोप देताना दाराशी वडीलधारी मंडळी ठरलेल्या सूचना देतात : पैसे जपून ठेव, पासपोर्ट सांभाळ, मोबाइल कोणाच्या हाती देऊ नकोस, गळ्यातले जप.

या सूचना मायेपोटी दिलेल्या असतात आणि योग्यही असतात. मात्र त्या साऱ्यांचा रोख एकच असतो, तो म्हणजे वस्तू राखण्याचा. परक्या शहरातील निर्जन गल्लीत एखाद्याने चाकू दाखवून ‘असेल ते काढ’ असे दरडावले, तर त्या क्षणी काय करावे, हे सहसा कोणी सांगत नाही. प्रसंग ओढवलाच तर वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या कानात घरून ऐकलेला शेवटचा शब्द घुमतो आणि तो शब्द ‘जप’ हा असतो. तो पाकीट घट्ट धरतो. अनर्थाला तेवढेच पुरेसे होऊ शकते.

लुटारूला प्रतिकार करावा की मागेल ते देऊन टाकावे, या प्रश्नाचे उत्तर त्या गल्लीत उभे राहून शोधता येत नाही. ते घरी, निघण्यापूर्वी आणि सर्वांनी मिळून ठरवावे लागते.

घराजवळचे धडे

हा प्रश्न केवळ परदेशाचा नाही, याची जाणीव आपल्या परिसराला २०२१ साली फार कठोरपणे झाली. २९ जुलै २०२१ रोजी विरार पूर्वेतील एका खाजगी बँकेच्या शाखेत, कामकाजाची वेळ संपल्यानंतर, त्याच शाखेचा माजी व्यवस्थापक लुटीच्या इराद्याने शिरला. शाखेत त्या वेळी दोन महिला कर्मचारी होत्या. त्यांनी विरोध केला, तेव्हा त्याने धारदार शस्त्राने वार केले. एकीचा मृत्यू झाला, दुसरी गंभीर जखमी झाली. पळून जाणाऱ्या आरोपीला स्थानिक लोकांनीच पकडले. त्यानंतर महिन्याभरातच नालासोपारा पश्चिमेत एका सराफाची भरदिवसा त्यांच्याच दुकानात हत्या झाली. जानेवारी २०२५ मध्ये वसई पश्चिमेतील एका सराफी दुकानात शस्त्रधारी लुटारू शिरले. वयोवृद्ध मालक जखमी झाले आणि लाखो रुपयांचे सोने गेले, परंतु मालक बचावले.

या घटनांचा उल्लेख करताना गेलेल्यांना दोष देण्याचा विचारही मनात येऊ नये. विरारच्या घटनेत लुटारू ओळखीचा होता, आणि ओळखीच्या लुटारूला साक्षीदार नकोसा असतो. सर्व काही निमूटपणे दिले असते तर जीव वाचला असता, असे कोणीही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. मात्र बँकांच्या कामकाजात एक तत्त्व फार पूर्वीपासून रुजलेले आहे. रोकडीचा विमा असतो. ती गेली तर भरून निघते. म्हणून रोखपालाने शस्त्रासमोर रोकड अडवू नये, जमेल तेव्हा धोक्याची घंटा वाजवावी, लुटारूचे वर्णन ध्यानात ठेवावे आणि आपला व ग्राहकांचा जीव राखावा. ज्या संस्थेचा सारा व्यवसायच पैसा सांभाळण्याचा आहे, तिनेही पैसा आणि प्राण यांचा क्रम असा लावला आहे.

विरार लोकलने रोज चर्चगेटपर्यंत ये-जा करणाऱ्यांना याच धड्याचे आणखी एक रूप परिचित आहे. दारात उभ्या असलेल्या प्रवाशाच्या हातावर रुळांजवळून काठीचा फटका मारायचा आणि खाली पडलेला मोबाइल घेऊन पसार व्हायचे, ही चोरीची रीत इतकी जुनी झाली आहे की अशा टोळ्यांना ‘फटका गँग’ हेच नाव पडले. मोबाइल वाचवण्याच्या धडपडीत तोल जाऊन हातपाय गमावलेले आणि प्राणास मुकलेले प्रवासी मुंबईच्या लोकल मार्गांवर झाले आहेत. मोबाइल काही हजारांचा. त्यामागे झेपावणारा देह मात्र अमोल. झेपावण्याच्या त्या क्षणी हा हिशेब सुचत नाही, म्हणून तो आधीच मांडून ठेवावा लागतो.

परक्या रस्त्यावर काय बदलते

आपल्या गावच्या रस्त्यावर माणसाला बऱ्याच गोष्टी नकळत कळत असतात. समोरचा नुसता धमकावतो आहे की खरोखर वार करील, हाक मारली तर कोण धावून येईल, कोणते दुकान उघडे असेल, याचा अंदाज असतो. परक्या शहरात हा आधार नाहीसा होतो. समोरच्याची भाषा नीट कळत नाही, त्याने मद्य किंवा अन्य नशा केली आहे का ते उमगत नाही, पळायचे तर गल्ली कोठे निघते हे ठाऊक नसते.

दुसरा बदल शस्त्राचा. फ्रँकलिन झिमरिंग आणि गॉर्डन हॉकिन्स या अभ्यासकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात न्यूयॉर्क आणि लंडन या शहरांची तुलना केली आहे. चोरी-लुटीच्या बाबतीत लंडन फारसे मागे नव्हते, पण लुटीत जीव जाण्याचे प्रमाण न्यूयॉर्कमध्ये कितीतरी पटींनी अधिक होते. आणि त्याचे एक मोठे कारण बंदूक हे होते. ज्या देशात बंदूक सहज मिळते, तेथे लुटारूचा हात खिशात असेल तर त्या खिशात काय आहे याची परीक्षा पाहू नये.

तिसरा बदल कायद्याचा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खाजगी संरक्षणाचा अधिकार सांगितला आहे. स्वतःच्या शरीराबरोबरच मालमत्तेचे रक्षण करण्याचा अधिकारही कायदा आपल्याला देतो, आणि जबरी चोरीच्या प्रसंगी तो बराच दूरवर जातो. परंतु हा कायदा आपल्याबरोबर विमानात बसून येत नाही. साधे उदाहरण घ्यावे. आपल्याकडे अनेक मुली लोकलच्या प्रवासात मिरपुडीचा फवारा पर्समध्ये बाळगतात, आणि ते योग्यच आहे. ब्रिटनमध्ये मात्र तोच फवारा निषिद्ध शस्त्रांत मोडतो आणि नुसता जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरतो. स्वसंरक्षणासाठी म्हणून खिशात ठेवलेला चाकूही तेथे माणसाला तक्रारदाराच्या जागेवरून आरोपीच्या जागेवर नेऊन बसवू शकतो.

जगातील काही नोंदी

अँटवर्पच्या हिरेबाजारात पालनपुरी जैन व्यापाऱ्यांनी मोठे स्थान मिळवले आहे. त्यामुळे बेल्जियममधील पुढची घटना आपल्या वाचकांना जवळची वाटेल. १८ फेब्रुवारी २०१३ च्या रात्री ब्रुसेल्सच्या विमानतळावर झुरिचला जाणाऱ्या विमानात हिऱ्यांची पाकिटे चढवली जात असताना, पोलिसांसारखा वेश केलेले आठ शस्त्रधारी दोन वाहनांतून थेट धावपट्टीच्या बाजूला आले. त्यांनी काही मिनिटांत सुमारे ५ कोटी डॉलरचे हिरे उचलले आणि ते निघून गेले. विमानात बसलेल्या प्रवाशांना त्याचा पत्ताही लागला नाही. एकही गोळी सुटली नाही, कोणालाही इजा झाली नाही. पहारा आणि वैमानिक यांनी त्या क्षणी शौर्य दाखवले असते तर त्या विमानाजवळ काय घडले असते, याची कल्पनाच केलेली बरी. पुढे काही हिरे पोलिसांच्या हाती लागले.

ऑक्टोबर २०१६ मध्ये पॅरिसमध्ये किम कार्दाशियन या अमेरिकी दूरचित्रवाणी तारकेच्या निवासात लुटारू शिरले. तिला बांधून लाखो डॉलरचे दागिने त्यांनी नेले. तिने झुंज दिली नाही, जिवाची विनवणी केली. दागिने जवळजवळ सर्व गेले. पण मे २०२५ मध्ये तीच त्या खटल्यात पॅरिसच्या न्यायालयासमोर साक्षीला उभी राहिली आणि आठ जण दोषी ठरले. वस्तू गेल्या तरी साक्षीदार उरला, म्हणून न्याय होऊ शकला. या प्रकरणातून आणखी एक गोष्ट पुढे आली. ती कोठे उतरली आहे आणि तिच्याजवळ कोणते दागिने आहेत, हे समाजमाध्यमांवरील तिच्याच छायाचित्रांतून जगजाहीर झाले होते. सहलीचे फोटो त्याच दिवशी टाकण्याची हौस असलेल्यांनी हे ध्यानात घ्यावे.

याउलट मेलबर्नची घटना. २००९ साली तेथे भारतीय विद्यार्थ्यांवर, विशेषतः रात्री उशिरा एकट्याने प्रवास करणाऱ्यांवर, अनेक हल्ले झाले आणि विद्यार्थ्यांनी रस्त्यावर उतरून निषेधही केला. २ जानेवारी २०१० च्या रात्री कामावर जाण्यासाठी बागेतून चाललेल्या एका पंजाबी तरुणाला लुटीच्या बेताने आलेल्या कोवळ्या वयाच्या मुलांनी गाठले आणि त्याच्या पोटात सुरा खुपसला. मदत मागत तो आपल्या कामाच्या ठिकाणापर्यंत कसाबसा पोहोचला, पण वाचला नाही. वार करणारा अवघ्या पंधरा वर्षांचा होता. लुटारू कोवळा असला की माणूस त्याला कमी लेखतो. वस्तुतः नवखा लुटारू अधिक घाबरलेला असतो, आणि घाबरलेल्या हातातील सुरा अधिक धोक्याचा असतो.

आणि एक घटना अशी आहे की तिच्यापुढे सर्व सल्ले थिटे पडतात. २६ डिसेंबर २०११ च्या पहाटे इंग्लंडमधील सॅलफर्ड येथे पुण्याचा एक तेवीस वर्षांचा विद्यार्थी मित्रांबरोबर चालला होता. एकाने जवळ येऊन वेळ विचारली आणि क्षणार्धात त्याच्यावर गोळी झाडली. काही मागितले नाही, काही नेले नाही. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. किमान ३० वर्षे तुरुंगात राहण्याची अट न्यायालयाने घातली. असे क्रौर्य कोणत्याही नियमात बसत नाही. त्यामुळे ‘दिले की वाचतोच’ असे वचन कोणालाही देता येत नाही. येथे विचार शक्यतेचाच करता येतो, आणि शक्यता ज्या बाजूला झुकते त्या बाजूला शहाणा माणूस उभा राहतो.

अभ्यासकांचे दोन पक्ष

शक्यता कोणत्या बाजूला झुकते, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. झिमरिंग आणि जेम्स झुएल यांनी १९८६ मध्ये शिकागोतील लुटींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी लुटारूला सक्रिय विरोध केला, त्यांच्या मृत्यूचा धोका शरण जाणाऱ्यांच्या तुलनेत पुष्कळ अधिक दिसला. दुसऱ्या बाजूने जोंगयन टार्क आणि गॅरी क्लेक यांनी २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय गुन्हेपीडित सर्वेक्षणाच्या आधारे असा निष्कर्ष काढला की प्रतिकारामुळे दुखापत वाढतेच असे नाही, आणि प्रतिकार करणाऱ्यांची मालमत्ता अनेकदा वाचते.

तरुण मंडळी हा दुसरा निष्कर्ष आनंदाने उचलतील. परंतु हिशेब तपासणारा माणूस प्रथम खातेवही कोणाची आहे ते पाहतो. सर्वेक्षण हे जिवंत माणसांना प्रश्न विचारून केले जाते. प्रतिकार करून जे प्राणास मुकले, त्यांच्या दाराशी सर्वेक्षक जाऊ शकत नाही. त्यांची नोंद त्या वहीत नसते. शिवाय प्रतिकाराचे यश मोजताना वाचलेले पाकीट आणि गेलेला प्राण एकाच तराजूत घालता येत नाहीत. पाकीट दहा वेळा वाचले आणि अकराव्या वेळी माणूस गेला, तर तो व्यवहार तोट्याचाच होय.

म्हणूनच ब्रिटन व अमेरिका यांची परराष्ट्र खाती आपल्या प्रवासी नागरिकांना, जेथे लुटीचा धोका अधिक आहे अशा देशांबाबत, लुटारूला शारीरिक प्रतिकार करू नये असाच सल्ला देतात.

द्यायचे कसे आणि कधी द्यायचे नाही

देण्याचीही एक रीत असते. हात दिसतील असे ठेवावेत. खिशात हात घालण्यापूर्वी ‘पाकीट काढतो आहे’ असे सांगावे किंवा खुणेने दाखवावे, कारण अचानक हललेला हात लुटारूला शस्त्र काढणारा हात वाटतो. हुज्जत, विनोद, नजर रोखून पाहणे टाळावे. वस्तू द्यावी आणि एक पाऊल मागे सरावे. पट्ट्याची पिशवी कोणी हिसडली तर पट्टा सोडून द्यावा. दुचाकीवरून हिसकावणाऱ्यांबरोबर फरफटत जाण्याने हाडे मोडतात. तो निघून गेल्यावर पाठलाग करू नये. उजेड, दुकान, हॉटेल, माणसे असतील तिकडे जावे.

मात्र देणे म्हणजे सर्वस्वी शरण जाणे नव्हे. काही प्रसंगी नकारच योग्य असतो. युरोपच्या काही पर्यटनस्थळी साध्या वेशातील ‘पोलीस’ ओळखपत्र दाखवून बनावट नोटा तपासण्याच्या नावाखाली पाकीट मागतात. तेथे शस्त्र नसते, नुसती बतावणी असते. ‘पोलीस ठाण्यात चला, तेथे दाखवतो’ हे शांत उत्तर त्यावर पुरेसे आहे. गर्दीत खिशाला हात लागल्याचे जाणवले तर मोठ्याने ओरडावे. खिसेकापूला आवाज सोसत नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रसंग म्हणजे वस्तू दिल्यावरही जेव्हा लुटारू माणसावरच हात टाकतो. वाहनात बस म्हणतो, आडबाजूला चल म्हणतो, घरातील स्त्रीला किंवा मुलाला ओढू लागतो, सर्व दिल्यावरही मारत राहतो. आता मागणी वस्तूची राहिलेली नसते, माणसाची झालेली असते. येथे ओरडणे, पळणे, हिसडा देऊन सुटणे आणि अन्य उपाय नसेल तर सर्व शक्तीनिशी लढणे हेच कर्तव्य ठरते. शस्त्र अंगाला टेकलेले असेल तर संधी पाहावी, पण एकांत जागी जाण्यापूर्वीची संधी ही बहुधा अधिक चांगली असते.

येथे आपल्या परंपरेतील एक विवेचन उपयोगी पडते. जैन आचारविचारात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले जातात. गृहस्थाने त्याग करावयाचा तो प्रामुख्याने संकल्पी हिंसेचा. स्वतःच्या व आश्रितांच्या रक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टाळता येत नाही, हे शास्त्रकारांनी ओळखले होते. त्यामुळे लेकीच्या रक्षणासाठी उभा राहिलेला पिता धर्मापासून ढळत नाही. तसेच शस्त्रासमोर पाकीट सोडून देणारा तरुण भित्रा ठरत नाही. परिग्रहाला मर्यादा घालण्याचे जे व्रत आपण दरवर्षी ऐकतो, ते तो ऐन संकटात पाळत असतो. कशासाठी लढावे आणि काय सोडून द्यावे, ही रेषा माणूस आणि वस्तू यांच्या मधून जाते.

निघण्यापूर्वीची तरतूद

सचोटीचा व्यापारी बुडीत येण्यांसाठी हिशेबात तरतूद करतो. तरतूद केलेली रक्कम बुडाली तरी दुकान हलत नाही. प्रवासातही अशीच तरतूद हवी. रोजच्या पाकिटात एका दिवसाचा खर्च आणि एकच कार्ड असावे. उरलेले पैसे, दुसरे कार्ड आणि पासपोर्ट उतरण्याच्या ठिकाणी कुलपात असावेत. पासपोर्टची छायाप्रत खिशात आणि एक प्रत वसईच्या घरी असावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला रोख परकीय चलन ३,००० डॉलरपर्यंतच घेता येते. बाकीची रक्कम प्रवासी कार्डावर घ्यावी लागते. ही मर्यादा अडचण वाटते, पण ती प्रवाशाच्या हिताचीच आहे, कारण कार्ड बंद करता येते, नोट बंद करता येत नाही.

जानेवारी २०२० मधील रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांमुळे कार्डाचा परदेशातील वापर चालू-बंद करण्याची आणि खर्चाची मर्यादा ठरवण्याची सोय ग्राहकाच्या हाती आली आहे. मर्यादा मोठी ठेवून निश्चिंत होण्यापेक्षा ती लहान ठेवून गरजेनुसार वाढवावी. येथे एक सूक्ष्म अडचण अनेकांच्या ध्यानात येत नाही. व्यवहाराचा ओटीपी ज्या सिमवर येतो, ते सिम असलेला मोबाइलच चोरीला गेला तर कार्ड बंद करण्याचा मार्गही त्याच्याबरोबर जातो. म्हणून बँकेचा परदेशातून लागणारा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून वेगळा ठेवावा. तोच कागद सहप्रवाशाजवळ आणि घरीही असावा. मोबाइलला आणि सिमलाही कुलूप-क्रमांक लावावा.

दागिन्यांविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. दिवाळीच्या सुमारास आशियाई घरांतील सोन्यावर चोरांचा डोळा असतो, असा इशारा ब्रिटनमधील पोलीस वेळोवेळी देत आले आहेत. आपल्या स्त्रियांच्या गळ्यातील सोन्याची कीर्ती तेथील चोरांपर्यंत पोहोचली आहे. मंगळसूत्र ही भावनेची गोष्ट. पण ती भावना काळ्या मण्यांच्या साध्या सरातही तेवढीच राहते. सासूबाईंनी स्वतःहून तसे सांगितले तर सुनेचा संकोच दूर होतो. व्यापाऱ्यांनी नमुन्याचा माल अंगावर नेण्याऐवजी सुरक्षित वाहतूक संस्थेकडे सोपवावा. ‘ज्वेलर्स ब्लॉक’ विमा परदेशातील प्रदर्शनाला लागू होतो का, हे निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे; अनेकदा त्याची हद्द भारतापुरतीच असते.

लुटीनंतरचा पहिला तास

सुरक्षित जागी पोहोचताच प्रथम स्थानिक आणीबाणीचा क्रमांक लावावा : युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात ०००. दुसरा दूरध्वनी बँकेला. येथे मिनिटांना किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घालून दिले की अनधिकृत व्यवहाराची सूचना बँकेला दिल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावे. आधी घरी कळवून, रडून, सल्लामसलत करून मग बँकेला कळवणाऱ्याच्या खात्यातून मधल्या वेळात रक्कम निघून जाते. सूचना दिल्याचा तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवावी.

पोलिसांकडील लेखी तक्रारीची प्रत अवश्य घ्यावी. विम्याचा दावा आणि पासपोर्ट या दोन्हींसाठी ती लागते. पासपोर्ट गेला असल्यास भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास नवा पासपोर्ट अथवा मायदेशी परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र देतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर २०१५ पासून अशा तक्रारी नोंदवता येतात, आणि घरच्या मंडळींनाही वसईत बसून ती नोंद करता येते.

राहिला प्रश्न मनाचा. लुटला गेलेला माणूस अनेक दिवस स्वतःलाच दोष देत राहतो. व्यापारी समाजात नुकसान लपवण्याची सवय असते. लोक काय म्हणतील, या विचाराने तक्रारही केली जात नाही. अशा वेळी घरातून ‘एवढेही सांभाळता आले नाही का?’ किंवा ‘एक ठोसा तरी मारायचा’ असे शब्द आले, तर लुटारूने न केलेली जखम आपण करतो. शिवाय पुढच्या वेळी तोच मुलगा पाकीट घट्ट धरील, ही भीती उरतेच.

म्हणून यापुढे दाराशी निरोप देताना सूचनांच्या यादीत एका वाक्याची भर घालावी. ते वाक्य वडिलांनी स्वतः, मुलाच्या डोळ्यांत पाहून, स्पष्ट शब्दांत म्हणावे : ‘कोणी शस्त्र दाखवून मागितले तर सगळे देऊन टाक. पैसे, मोबाइल, घड्याळ, अगदी आजोबांची अंगठीसुद्धा. आम्ही एका शब्दाने विचारणार नाही. तू परत ये.’ आजोबा समोर बसलेले असतील तर त्यांनी मान डोलवून त्या वाक्याला संमती द्यावी. कमावलेले पुन्हा कमावता येते, हे ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करून अनुभवले आहे, त्या घराला हे वाक्य जड जाऊ नये.